वहीतला कोमल गंधार

व्हाइटफील्डमधल्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक बाई हिंदुस्थानी गाणे शिकवतात. त्या धारवाडकडच्या. घरात कन्नड बोलतात, शिकवताना इंग्रजी, आणि चिजांची भाषा बहुतेक ब्रज. माझी मुलगी आठ वर्षे त्यांच्याकडे जाते आहे. सध्या विशारदच्या परीक्षेची तयारी चालू असल्यामुळे आमच्या जेवणाच्या टेबलावर पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे भाग पडलेले असतात. हाथरसला छापलेले, हिंदीतले. मूळ पुस्तके मराठी आहेत. म्हणजे मराठी घरातली मुलगी मूळ मराठी पुस्तक हिंदीत वाचते आणि ते कन्नड बाईंकडून इंग्रजीत समजून घेते. अनुवाद हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्याने या प्रवासाची मला गंमत वाटे. त्यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता.

विचार करायला लावले ते दोन प्रश्नांनी. पहिला मुलीचा. ती म्हणाली, "आई, बागेश्रीतल्या ग-खाली जी आडवी रेघ आहे तीच दरबारीतल्या ग-खाली आहे. मग बाई दरबारीचा ग इतका वेगळा का लावून घेतात?" दुसरा प्रश्न माझ्या सासऱ्यांचा. बारावीनंतर संगीतातच पदवी घ्यायची असे मुलीने जाहीर केले, तेव्हा ते फोनवर मला म्हणाले, "अगं, कॉलेजात जाऊन कोणी गवई झालाय का?"

दोन्ही प्रश्न जुने आहेत, आणि दोन्हींची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात हे वाचता वाचता माझ्या लक्षात आले. ते ठिकाण लखनौ. तिथल्या संगीत कॉलेजाचा इतिहास हा बऱ्याच अंशी मराठी माणसांचा इतिहास आहे, आणि त्याची एक वाट बेंगळुरूहूनही जाते.

भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईचे, पेशाने वकील. गाण्याची रीतसर ओळख त्यांना झाली ती १८७० साली पारशी मंडळींनी काढलेल्या 'गायन उत्तेजक मंडळी'त. तिथे त्यांनी धृपदे आणि ख्याल शेकड्यांनी जमवले आणि त्याच वेळी एक अडचणही गाठीला आली. एकच राग चार उस्ताद चार तऱ्हांनी गात. कारण विचारले तर उत्तर एकच: आमच्या घराण्यात असेच आहे. वकिलाला हा पुरावा पुरेसा वाटला नाही. जुने संस्कृत ग्रंथ उघडावेत तर त्यांतले राग प्रचारातल्या रागांशी जुळेनात. मग ते हिंडायला निघाले. १९०४ साली ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितरांना भेटले आणि व्यंकटमखीच्या 'चतुर्दण्डिप्रकाशिका' या सतराव्या शतकातल्या ग्रंथाची प्रत त्यांनी मिळवली. त्यात बहात्तर मेळांची मांडणी आहे. भातखंड्यांनी पुढे हिंदुस्थानी राग दहा थाटांत बसवले, त्या मांडणीच्या मुळाशी हा दाक्षिणात्य विचार आहे. उत्तरेच्या संगीताचे आजचे व्याकरण असे तामिळ मुलखातल्या एका पोथीच्या आधाराने आणि मराठी गद्यात लिहिले गेले.

ते गद्य म्हणजे 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'. पहिला भाग १९१० सालचा, चौथा १९३२चा. हे चारही भाग गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहेत. शिष्य शंका काढतो, गुरुजी उत्तर देतात, मध्येच एखाद्या खाँसाहेबांची गोष्ट सांगतात, पुन्हा मुद्द्यावर येतात. लखनौचे कॉलेज निघायला पहिल्या भागानंतर सोळा वर्षे जायची होती; पण वर्ग भरला होता तो कागदावर आधीच. त्या वर्गात कोणताही प्रश्न विचारायला बंदी नव्हती, आणि हेच त्या काळी नवे होते.

संगीताची शाळा ही कल्पना मात्र नवी नव्हती. बडोद्यात १८८६ साली सयाजीराव गायकवाडांनी मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली होती. हे मौलाबक्ष उमेदीच्या काळात म्हैसूर दरबारी राहून कर्नाटक संगीत ऐकून-शिकून आलेले. पुढे तीच गायनशाळा महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. पलुस्करांची तळमळ गाणे घरोघरी नेण्याची, आणि गवयाला समाजात मान मिळवून देण्याची. भातखंड्यांची ओढ निराळी होती. गाण्याविषयी बोलताना पुरावा मागता यावा, मतभेद मांडता यावेत, अशी जागा त्यांना हवी होती. आज आपण ज्याला विद्यापीठीय संशोधन म्हणू, ते.

त्यासाठी त्यांनी परिषदा भरवल्या: १९१६ साली बडोदे, मग दिल्ली, बनारस, आणि १९२४ व १९२५ साली लखनौ. बडोद्याच्या परिषदेत गाजलेला वाद श्रुतींचा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर आणि क्लेमंट्स हे इंग्रज न्यायाधीश यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले होते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून स्वर मोजण्याचे प्रयोग त्यामागे होते, आणि त्या गणितानुसार एक श्रुती-पेटीही तयार झाली होती. भातखंड्यांच्या बाजूच्या मंडळींना ते पटले नाही. भातखंड्यांनी अभ्यासासाठी बारा स्वर पुरेसे मानले. श्रुती गळ्यात असते. रागाचा नियम सांगायला ती मोजावी लागत नाही, असा त्यांच्या भूमिकेचा आशय.

मुलीच्या प्रश्नाची सुरुवात इथे आहे. बारा स्वर घेतले म्हणजे कोमल गंधाराला एकच खूण उरते: ग आणि त्याखाली रेघ. दरबारी कानड्यात तो गंधार अतिकोमल असतो, खालून ओढून घेत आंदोलत राहतो. बागेश्रीत तो असा झुलत नाही. भीमपलासात मध्यमाचा हात धरून येतो. तोडीतला आणखी उतरलेला. वहीत मात्र या चौघांचे कपडे एकच. भातखंड्यांना हे माहीत नव्हते असे मुळीच नाही; आंदोलनाविषयी ते 'पद्धती'त लिहितात. पण खूण वाढवली तर वही वाचता येणार नाही आणि खूण कमी ठेवली तर गळा सापडणार नाही, या दोहोंतून त्यांनी वाचता येणारी वही निवडली. कन्नड कवितेचे मराठी करताना मीही रोज हेच करते. मूळचा ठेका सगळा आणायचा म्हटले तर ओळ मराठीत उभी राहत नाही. काही तरी सोडावे लागते, आणि सोडलेले वाचणाऱ्याला कळत नाही.

वहीची आणखी एक बाजू आहे. मालिकेच्या सहा भागांत अठराशेच्या आसपास रचना आहेत. त्या आल्या कुठून? जयपूरच्या मोहम्मद अली खाँ कोठीवालांकडून, त्यांच्या मुलांकडून, रामपूरच्या दरबारातून, आणखी कितीतरी मुसलमान उस्तादांकडून. काहींनी त्या मनापासून दिल्या. काहींनी हात आखडता घेतला, आणि त्यांनाही दोष देता येत नाही; चीज ही त्यांची मिळकत होती, मुलाला ठेवायची इस्टेट होती. छापल्यावर ती सगळ्यांची झाली. ज्या मुलीला कोणत्याही उस्तादाने शिष्य केले नसते, तिच्यासाठी दार उघडले. पण ज्यांच्या घरातून चिजा आल्या, त्यांच्या नातवंडांच्या हाती त्या कॉलेजातल्या खुर्च्या फारशा आल्या नाहीत. संगीत कॉलेजाचा इतिहास लिहिताना हे देणेही मांडायला हवे.

लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ साली सुरू झाले. संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि राय उमानाथ बली यांचा पुढाकार. नाव गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचे. पुढे कॉलेज कैसरबागेतल्या वाजिद अली शाहच्या परीखान्यात आले. भातखंड्यांना १९३३ साली पक्षाघाताचा झटका आला आणि १९३६ साली ते गेले. त्यांनी मांडलेला अभ्यासक्रम चालवायची जबाबदारी त्याआधीच एका तरुणावर पडली होती. १९२८ साली प्राचार्य झालेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, म्हणजे अण्णासाहेब, हेच माझ्या दृष्टीने या इतिहासाचे नायक.

त्यांचा जन्म मुंबईचा, १९व्या शतकाच्या अगदी अखेरचा. वडील पोलीस खात्यात अधिकारी आणि गाण्याचे शौकीन. पहिली तालीम कारवारकडच्या कृष्णंभटांकडे, मग अनंत मनोहर जोशींकडे. पुढे भातखंड्यांनी मुलगा हाताशी घेतला आणि बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून देऊन त्याला फैयाज खाँसाहेबांच्या हवाली केले. तिथे गंडा बांधून आग्रा घराण्याची तालीम झाली. मुंबईला परतून त्यांनी विल्सन कॉलेजातून बी. ए. केले. एका हाताला भातखंड्यांची वही, दुसऱ्या हाताला फैयाज खाँचा गळा, आणि खिशात विद्यापीठाची पदवी: त्या काळात ही तिन्ही एका माणसाकडे असणे दुर्मीळ होते. असा माणूस मैफलीचा गवई व्हायचा. हा प्राचार्य झाला, आणि लखनौत सुमारे तीस वर्षे राहिला.

प्राचार्यपद म्हणजे हजेरीपट, परीक्षा, वर्गणीसाठी दारोदार जाणे, आणि गाण्याची काडीमात्र तयारी नसलेल्या चाळीस मुलांना एका सुरात यमन म्हणायला लावणे. हे त्यांनी केले. पण खरे शिकणे दुसरीकडेही चालू असे. त्यांच्या घरी काही मुले राहत. कृष्ण गुंडोपंत गिंडे हे बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचे. १९३६ साली अकरा वर्षांचा हा मुलगा लखनौला गेला आणि अण्णासाहेबांच्या घरातलाच झाला. शिरालीचे एस. सी. आर. भट आले, दिनकर कायकिणी आले. आणि बेंगळुरूहून चिदानंद नगरकर आले.

ही बेंगळुरूची वाट. नगरकरांचा जन्म इथला, १९१९ सालचा. तेव्हा या शहरात गोविंद विठ्ठल भावे हिंदुस्थानी गाणे शिकवत. कर्नाटक संगीताच्या या गावात एक मराठी आडनावाचा शिक्षक ख्याल सांगत बसला आहे, हे चित्र मला फार जवळचे वाटते. आमच्या चौथ्या मजल्यावर फक्त भाषांची अदलाबदल झाली आहे. भाव्यांकडे पाया घालून नगरकर लखनौला गेले, अण्णासाहेबांचे शिष्य झाले, शिवाय कथकही शिकले.

या मुलांची दोन शिक्षणे एकदमच चालली. कॉलेजात थाट, रागलक्षणे, स्वरलिपी, परीक्षा. घरात तंबोरा, गुरूच्या समोर बसून तेच राग, पण वही मिटलेली. कॉलेजातला कोमल गंधार रेघेचा, घरातला कोमल गंधार अण्णासाहेबांच्या गळ्यातला. एकाने नाव कळले, दुसऱ्याने तो स्वर कळला. सासरेबुवांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हेच: कॉलेजच्या तासांनी गवई झाला नाही, हे खरे. उरलेले अर्धे असे की कॉलेज नसते तर ते घरही नसते. महिन्याच्या पगाराने त्या चुली पेटल्या. बैलहोंगलच्या मुलाला लखनौचे नाव कळले ते कॉलेजमुळे. आणि कोणत्या मुलाला आत घ्यायचे हे रक्ताच्या नात्यावर ठरायचे नाही, हा नियम घरात आला तोही कॉलेजातूनच.

याची किंमत कोणी मोजली? अण्णासाहेबांच्या गळ्याने. त्यांची जी ध्वनिमुद्रणे ऐकायला मिळतात त्यांत विचार स्वच्छ आहे, रागाची वाट एका पावलानेही चुकत नाही, पण आवाज थकलेला आहे. दिवसभर शिकवणाऱ्याचा आवाज असा होतो. फैयाज खाँच्या शिष्याचा जो उमेदीतला आवाज बडोद्यातल्या लोकांनी ऐकला असेल, त्याची कल्पनाच करावी लागते. प्राध्यापकी आणि मैफल यांचे हे वैर आजही मिटलेले नाही. सकाळचा सूर ताजा असतो तेव्हा तास असतो, आणि रात्री गळा उघडतो तेव्हा उत्तरपत्रिका असतात.

तरीही त्यांचे संशोधन थांबले नाही, आणि त्याची जात बघण्यासारखी आहे. त्यांनी निबंध लिहिले, पण मुख्यतः रचना केल्या: 'सुजान' या नावाने शेकडो बंदिशी, 'अभिनव गीतमंजरी'च्या तीन भागांत छापलेल्या. एखाद्या अनवट रागाचे स्वरूप वादग्रस्त असेल तर त्याविषयीचे आपले मत ते चिजेत मांडत. अस्ताई म्हणजे सिद्धान्त, अंतरा म्हणजे पुरावा. कर्नाटक संगीतातल्या वर्णमाच्या धर्तीवर त्यांनी हिंदुस्थानी रागांत रचना बांधल्या. सालगवराळी हा राग प्रचारात आणला, ज्याच्या नावातच दक्षिणेचा पत्ता आहे. १९०४ साली भातखंडे दक्षिणेतून पोथी घेऊन आले होते. अण्णासाहेबांनी त्या ओळखीतून गाण्याजोगे काही केले. अनुवादक म्हणून मला हा फरक मोठा वाटतो. पहिल्याने शब्दकोश आणला, दुसऱ्याने त्या भाषेत वाक्य बोलून दाखवले.

अण्णासाहेबांच्या वाट्याला रागही आला. १९५२ नंतर बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीने गायक-वादकांच्या चाचण्या सुरू केल्या, आणि परीक्षक मंडळावर अण्णासाहेब होते. नावाजलेल्या कलावंतांना परीक्षेला बसवायचे, रागशास्त्राचे प्रश्न विचारायचे, हे अनेकांना अपमानाचे वाटले. मुंबईत कलावंतांनी विरोध केला. मला इथे दोन्ही बाजू दिसतात. प्रश्न विचारण्याची मुभा हा भातखंड्यांच्या कागदी वर्गाचा प्राण होता. पण तिथे प्रश्न शिष्य विचारत होता, आणि उत्तर देण्याचे ओझे गुरूवर होते. चाचणीच्या खोलीत प्रश्न खुर्चीकडून आला. शब्द तेच राहिले, सत्तेची दिशा उलटली. संगीत विभागांत मौखिक परीक्षेला आजही जी भीती असते तिचे मूळ मला इथे दिसते.

१९५६ साली खैरागडच्या राजाराणीने आपला राजवाडा देऊन इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे केले. संगीत आणि कला यांचेच विद्यापीठ, ते रेल्वेच्या मुख्य रस्त्यापासून दूर एका लहानशा संस्थानी गावात. दशकाच्या अखेरीस अण्णासाहेब तिथे कुलगुरू होते. १९५७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. शेवटची वर्षे मुंबईत गेली. १९७४ साली ते वारले.

शिष्य कुठे गेले? बहुतेक सगळे पुन्हा वर्गात गेले. नगरकर १९४६ साली मुंबईला भारतीय विद्या भवनाच्या संगीत शिक्षापीठाचे प्रमुख झाले. त्यांच्यामागे कायकिणींनी ते सांभाळले. गिंडे १९६२ पासून शीवच्या वल्लभ संगीतालयाचे प्राचार्य होते. सुमती मुटाटकरांनी लखनौची डॉक्टरेट घेतली आणि पुढे दिल्ली विद्यापीठातल्या संगीत विभागाची धुरा वाहिली. चित्रपट संगीतकार रोशन हेही याच कॉलेजचे विद्यार्थी. यांतले कोणी मैफलीत कमी होते असे नाही. गिंड्यांचे गाणे ज्यांनी ऐकले ते शिक्षकाचे गाणे म्हणून त्याला बाजूला ठेवत नाहीत. पण त्यांचा बराचसा सूर दुसऱ्यांच्या गळ्यात गेला, हे त्यांनीही गुरूसारखेच पत्करले.

महाराष्ट्रात पुढे यातले प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळले गेले. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे १९६८ पासून संचालक असलेले अशोक दा. रानडे यांनी संशोधनाला रागशास्त्राच्या बाहेर नेले: लोकसंगीत, रंगभूमी, आवाजाची जोपासना, सौंदर्यशास्त्र. शिक्षकाचा गळा थकतो कसा आणि राखायचा कसा, हाही अभ्यासाचा विषय होऊ शकतो हे त्यांच्यामुळे मराठीत रुजले. प्रभा अत्रे यांनी सरगमवर प्रबंध लिहिला, एस. एन. डी. टी. विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख म्हणून काम केले, आणि मैफल सोडली नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने गुरूकडे बसून शिकणे अभ्यासक्रमातच घेतले. लखनौत जे प्राचार्यांच्या घरात होत होते, त्याला तिथे पदवीत जागा मिळाली.

हे सगळे मी सासऱ्यांना फोनवर सांगितले नाही. एवढेच म्हणाले की कॉलेजने गवई केले नाहीत, पण गवई करणाऱ्यांना तीस-तीस वर्षे एका जागी बसवून ठेवले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि पगार वेळेवर होता का?" त्यांचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या शिक्षकांचे दिवस पाहिलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. जे घर पगारावर उभे राहिले, ते पगार गेला की राहील का, हे मलाही सांगता आले नाही.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र बाईंनीच दिले. मी तिला आणायला वर गेले होते. तंबोरा चालू होता. मुलीने मालिकेचा भाग समोर धरला आणि रेघ दाखवली. बाईंनी पुस्तक हातात घेतले, पान नीट पाहिले, म्हणाल्या, बरोबर लिहिले आहे. मग ते मिटून मांडीवर ठेवले आणि मंद्रातून वर येत दरबारीचा गंधार लावला. तीनदा लावला. चौथ्यांदा मुलीने. जमला नाही. बाईंनी पुन्हा लावला. मी दारातच चप्पल काढून बसले.